दीदींनी खाली नेलेलं हळदीकुंकू

आमच्या रेल्वे कॉलनीतल्या खालच्या क्वार्टरमधल्या काकूंना त्यांच्या नवऱ्यानं मारलं, ते यंदाच्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पोळ्या करताना. त्याच दुपारी वरच्या मजल्यावर, आमच्या घरी, कॉलनीतल्या मराठी बायकांचं हळदीकुंकू होतं.

पाहुण्या म्हणून माजी पार्षद, म्हणजे नगरसेविका, दीदी आल्या होत्या. घरातल्या मारहाणीविरुद्ध झाशीत गल्लोगल्ली फिरून बोलणाऱ्या त्या एकट्याच. मानिक चौकात त्यांची पत्रकं वाटतच मी बोलायला शिकले. परवा त्या गेल्या. इलाइट चौराह्यावर त्यांचे फोटो लागलेत, आणि त्यांना घरं मोडणारी म्हणणारेच खाली हात जोडून उभे आहेत.

त्या दुपारी दीदींनी विचारलं, "नीचे वाली भाभी नहीं दिखीं?"

सगळ्या एकदम तिळगुळाच्या वड्या मांडायला लागल्या. मग एक जण म्हणाली, "तबियत ठीक नहीं. वाण भिजवा देंगे."

हे आमचं नेहमीचं. जिच्या तोंडावर वळ, तिचं वाण घरपोच. हिंदीवाल्यांच्या गावात आपली चार घरं, बोभाटा नको.

आई माझ्या कानाशी आली. "गप्प बस हं. आपलीच माणसं आहेत."

"मारही आपलीच खातेय," मी म्हणाले, आणि दीदींना सांगितलं, "मारा है उनको."

दीदींनी कुंकवाचं ताट उचललं. गुडघे दुखत होते, जिना आडव्या आडव्या उतरल्या. पाहुणीला एकटं कसं सोडायचं, म्हणून सगळ्या बायका मागून जिन्यात.

दार काकांनी उघडलं. "दीदी, घर का मामला है."

"हम भी घर ही में आए हैं, भैया. भाभी को बुलाओ."

काकू डोक्यावरून पदर ओढून आल्या. दीदींनी पदर जरा सरकवला. भुवईपासून कपाळ फुटलेलं. कुंकवाचं बोट हवेतच थांबलं.

"कहाँ लगाऊँ, बिटिया?"

"लाटण्यानं मारलं यांनी," काकू म्हणाल्या. मराठीत, आमच्याकडे बघून, मोठ्यानं. मी दीदींना हिंदीत सांगितलं.

"थाने चलोगी?"

काकू आत जाऊन चपला घालून आल्या.

आता केस कोर्टात आहे. काका म्हणतात, बाथरूममध्ये पाय घसरला. साक्ष द्यायला दीदी होत्या, त्या राहिल्या नाहीत. मी उरले, तर काकांचा वकील म्हणतो, ही दीदींचीच पत्रकवाली. काकू हरल्या तर त्यांना परत त्याच क्वार्टरमध्ये जावं लागेल. माहेरी कुणी उरलेलं नाही.

दीदींच्या शोकसभेत, हळदीकुंकवाला आलेल्या बायांनो, तुम्ही सगळ्या रडलात. साक्षीचा विषय काढला तर म्हणता, आम्हाला कशाला कोर्टात ओढतेस.

त्या दुपारी जिन्यात उभ्या होतात, म्हणून. दीदींच्या फोटोला हार नाही घातलात तरी चालेल. तारखेला कोर्टात या, आणि काकू काय म्हणाल्या ते ऐकलंत तसं सांगा.