मास्तरांचा रूळ

गुणवंतीची चढाई असली की परळच्या त्या मैदानाभोवतालच्या चाळींच्या गॅलऱ्या भरून जात. शीव कोळीवाड्यातली ही सतरा वर्षांची मुलगी. पहाटे आईबरोबर भाऊच्या धक्क्यावर जायची, मासळीची पाटी डोक्यावर घेऊन लालबागच्या बाजारात यायची आणि आईला सगळी मांडामांड करून द्यायची. संध्याकाळी मात्र ती मैदानावर. पाटी वाहून मान ताठ झाली होती आणि पाय लोखंडी, असं सगळे म्हणायचे. पाय लोखंडी होते हे खरंच, पण त्याचं दुखणं फक्त तिलाच माहीत होतं.

गिरण्यांचा संप सुरू झाला त्या वर्षीची ही गोष्ट. तिला कबड्डी शिकवणारे राजाराम मास्तर एका गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे. स्वतः गिरणीच्या संघातून डावा कोपरा सांभाळलेले. आधी ते पाळी सुटली की तासभर मैदानावर यायचे. संप झाला आणि दिवसच्या दिवस मोकळा झाला. बरोबरीचे कितीतरी जण कोकणात गावी निघून गेले. मास्तर राहिले. सकाळी सभेला जायचे, दुपारी चाळीच्या पायरीवर बसायचे आणि चार वाजले की शिट्टी गळ्यात अडकवून मैदानात हजर. मुली यायच्या आधीच त्यांनी मैदानावर पाणी मारून रेषा आखलेल्या असायच्या.

"मास्तर, एवढ्या लवकर?" मुली विचारायच्या.

"मला दुसरं काय काम आहे गं आता?" ते हसून म्हणायचे. ते हसणं बरं वाटण्यासारखं नसायचं.

जिल्हा संघाची निवड चाचणी जवळ आली आणि गुणवंतीचे पाय रुसले. मांडीच्या मागची शीर अशी काही आखडायची की लाथ पुरती लांब जाईना. पोटरीत गोळे येत. एकदा ती मध्यरेषेला हात टेकून निसटलीच असती, पण ऐन वेळी पोटरी वळली आणि ती समोरच्यांच्या तावडीत आयती सापडली. मास्तरांनी तिला बाजूला बसवलं, पाय सरळ करून अंगठा मागे ओढला.

"रोज दुखतं?"

"रोज. सकाळी उठले की पहिली दोन पावलं भिंत धरूनच टाकायची."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय होणार मास्तर? आईचे पण दुखतात. ती कुठे बोलते?"

मास्तरांनी तिचा पाय हलकेच खाली ठेवला. गिरणीच्या संघाला मालिशवाला होता. सामना झाला की तेल लावून तो एकेकाला असा रगडायचा की दुसऱ्या दिवशी माणूस पुन्हा नवा. पण मुलींना मालिश कोण करणार? तालमीतल्या पुरुषाने करायची तर सोयच नाही. घरच्या बायकांना हंडे भरण्यातून आणि चुलीपुढून उसंत नाही. मास्तरांना आठवलं, बाहेरगावी मालिशवाला नसला की आपण धर्मशाळेतलं लाटणं घेऊन पोटरीवर फिरवत बसायचो. पण लाटणं हाताने दाबायचं, आणि मांडीच्या मागे हात पोचतो कुठे?

दोन-तीन दिवस ते याच विचारात होते. मग एका सकाळी सभेला न जाता रे रोडच्या लाकडाच्या वखारीत गेले आणि हातभर लांबीचा एक गोल ओंडका घेऊन आले. तासून गुळगुळीत केला, त्यावर जुनी गोधडी घट्ट गुंडाळली आणि वरून सायकलची फाटकी ट्यूब ओढून बांधली. संध्याकाळी तो मैदानाच्या कडेला ठेवून म्हणाले, "दुसऱ्याच्या हाताची गरज नाही. आपलंच वजन आणि आपलाच हिशेब. ये गुणे, बस यावर."

गुणवंती दोन्ही हात मागे टेकून बसली. मांडीचा मागचा भाग रुळावर ठेवला आणि पुढे सरकली. तिने अशी काही किंकाळी फोडली की गॅलरीतल्या बायका बाहेर आल्या. बाकीच्या मुली हसून हसून लोळल्या. मग प्रत्येकीची पाळी आली आणि प्रत्येकीची किंकाळीही.

सुरुवातीला कोणालाच काही कळत नव्हतं, मास्तरांनाही नाही. जितकं दुखेल तितकं चांगलं, अशी सगळ्यांची समजूत. गुणवंती भरभर रूळ फिरवायची, गुडघ्यावरूनही आणि नडगीच्या हाडावरूनही. तिसऱ्या दिवशी पाय काळानिळा पडला. काशीबाईने, म्हणजे तिच्या आईने, तो पाहिला आणि बाजार तसाच शेजारणीच्या हवाली करून ती थेट मैदानात आली.

"काय रं मास्तर! माज्या पोरीला बडवलंस काय?"

"बडवलं नाही हो काशीबाई. ती स्वतःच…"

"सोताच? सोताच पाय काळा करून घेते? दाखव मला ते काय हाय ते!"

मास्तरांनी रूळ दाखवला. काशीबाईने तो पायाने ढकलून पाहिला, नाक मुरडलं, आणि काय मनात आलं कोण जाणे, लुगडं सावरून खाली बसली आणि पोटरी त्यावर टेकवली. मास्तर घाईने म्हणाले, "हळू. अगदी हळू. दुखेल तिथे थांबा आणि श्वास सोडा. हाडावर नको." खरं म्हणजे हे सगळं त्यांना त्या क्षणीच सुचलं होतं.

काशीबाई थांबली. डोळे मिटले. वीस-बावीस वर्षं पाटी वाहिलेल्या त्या पोटऱ्या. मग ट्यूबमधून हवा गेल्यासारखा एक लांब सुस्कारा निघाला.

"आई गं," ती पुटपुटली. आणि मग डोळे न उघडताच, "मास्तर, दुसरा पाय करू?"

त्या दिवसापासून बाजार आवरला की काशीबाई मैदानावर येऊ लागली. मागोमाग आणखी दोघी कोळणी आल्या. मुलींचा सराव सुरू व्हायच्या आधी तिघी कडेला बसून आळीपाळीने पोटऱ्या रुळावर घालायच्या आणि गावभरच्या गोष्टी करायच्या. संपामुळे बाजारात गिऱ्हाईक आटलं होतं. घरोघरी चूल कशी पेटेल याचीच चिंता होती. तरी तेवढा वेळ त्या हसायच्या. जाताना काशीबाई मास्तरांच्या घरी दोन बांगडे पोचते करायची. मास्तर नको म्हणाले की ती ऐकायचीच नाही.

गुणवंतीला हळूहळू युक्ती कळली. सराव संपला, अंग गरम आहे तोवर करायचं. घाई करायची नाही. दुखऱ्या जागी थांबायचं, ती सैल होईपर्यंत श्वास सोडत राहायचा. मग उठून थोडं चालायचं, पाणी प्यायचं. सकाळी भिंत धरणं सुटलं. निवड चाचणीत तिची लाथ अशी लांब गेली की दोघींना स्पर्श झाला आणि ती परत. तिची निवड झाली. पुढच्याच वर्षी एका बँकेच्या महिला संघात तिला नोकरी लागली. घरात पहिल्यांदा कोणीतरी खुर्चीवर बसून काम करणार होतं. काशीबाईने त्या दिवशी मैदानावर येऊन सगळ्यांसमोर मास्तरांच्या पायाला हात लावला. मास्तर दोन पावलं मागे सरले. "अहो, काय करता!" एवढंच म्हणू शकले.

संप कधी मिटला असं म्हणताच येत नाही. मास्तरांना गिरणीने परत घेतलं नाही. ते एका इमारतीवर पहारेकरी झाले, पण संध्याकाळची पाळी त्यांनी कधी घेतली नाही.

मध्ये एक प्रसंग घडला. सांगलीच्या स्पर्धेत गुणवंतीच्या मांडीत काहीतरी टचकन तुटल्यासारखं झालं. तिने नेहमीप्रमाणे रूळ काढला आणि रगडत बसली. मुंबईला येईपर्यंत पाय दुप्पट सुजला. दादरचे डॉक्टर हेमचंद्र तपासून म्हणाले, "स्नायू फाटलाय आणि तू त्यावर लोळतेस?" मास्तरांना हे कळलं तसे ते दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात जाऊन बसले. नंबर आल्यावर म्हणाले, "मी आजारी नाही डॉक्टर. मला शिकायचंय. मी पोरींना काहीतरी करायला सांगतो, ते बरोबर की चूक ते सांगा."

डॉक्टरांनी शेवटचा रुग्ण गेल्यावर त्यांना बसवून घेतलं. भिंतीवरचं स्नायूंचं चित्र उतरवून टेबलावर ठेवलं. ताठलेला स्नायू वेगळा आणि फाटलेला वेगळा. सूज असेल, टोचल्यासारखी कळ असेल तर रूळ हातात घ्यायचा नाही. कमरेच्या मणक्यावर तर कधीच नाही. "बाकी तुमची कल्पना चांगली आहे," डॉक्टर म्हणाले. "दुखणं हलकं होतं, अंग मोकळं होतं. पण विश्रांतीची जागा तो घेणार नाही." मास्तरांनी ते सगळं मुलींना आहे तसं सांगितलं, आधी आपण चुकलो होतो हेही सांगितलं. गुणवंतीला दोन महिने सक्तीने घरी बसवलं. ती पुन्हा खेळली, आणि चांगली खेळली.

वर्षं गेली. गिरण्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. मास्तर म्हातारपणी कणकवलीजवळच्या आपल्या गावी गेले. काशीबाई गेली, जायच्या आदल्या महिन्यापर्यंत बाजारात बसत होती. गुणवंती बँकेत निवृत्तीला टेकली आणि संध्याकाळी त्याच मैदानावर मुलींना शिकवू लागली. आता मुली दुकानातून फोमचे रूळ आणतात. निळे, हिरवे, वजनाला कापसासारखे. मोबाईलवर पाहून त्यांना सगळं माहीत असतं. तरी गुणवंती प्रत्येकीजवळ वाकून सांगते, "हळू गं. कोणी मागे लागलंय का तुझ्या?"

मागच्या हिवाळ्यात मास्तर डोळ्यांच्या तपासणीसाठी मुंबईला आले होते. मुलगा त्यांना मैदानावर घेऊन आला. गुणवंती धावतच गेली. मुलींना हाक मारून म्हणाली, "या सगळ्याजणी. यांच्यामुळे मला नोकरी लागली. यांच्यामुळे माझी आई शेवटपर्यंत आपल्या पायांवर चालली. पाया पडा यांच्या."

मास्तरांचे डोळे पाणावले. खुर्चीवर बसून ते बराच वेळ त्या रंगीत रुळांकडे पाहत राहिले.

"गुणे, तू उलटं सांगतेस," ते हळू आवाजात म्हणाले. "त्या वर्षी मी घरी बसलो असतो तर भिंतीकडे बघून वेडा झालो असतो. चार वाजले की तुम्ही पोरी याल, एवढ्यावर मी दिवस काढले. उपकार कोणाचे म्हणायचे?"

गुणवंतीने त्यांचा हात हातात घेतला आणि तशीच उभी राहिली. तोवर मुलींनी खेळ पुन्हा सुरू केला होता. मास्तर नीट दिसत नसतानाही मान पुढे काढून पाहत होते. थोड्या वेळाने त्यांनी तिचा हात झटकला.

"ती डाव्या कोपऱ्यातली पोरगी आधीच हालते बघ. चढाईवाल्याला कळतं. बोलव तिला इकडे."