आक्कानं आईची कवदी कापली

आक्काकडं शिवण शिकणाऱ्या फिलोमिनाचा फोन आला तेव्हा मी बाळाला आंघोळ घालत होते, तेवीस दिवसांचं बाळ, हात साबणाचे, आणि ती म्हणाली, "सुशी, आधी खाली बस." मी बसलेच नाही. अल मजाजच्या हॉलमध्ये गोधड्यांचा स्टॉल मांडता मांडता आक्का खुर्चीत बसली आणि गेली... डॉक्टर म्हणाले हार्ट. माझ्या थोरल्या रियाचे पप्पा आक्काची मयत घेऊन गावी गेले, मला जाताच आलं नाही, बाळाचा पासपोर्टच झाला नव्हता. सख्खी बहीण मातीत गेली आणि मी इथं आखातात, अल कुसैसच्या दोन खोल्यांत दूध पाजत बसले.

आम्ही सिद्दी. आमचे वाडवडील आफ्रिकेतनं आणलेले, कोण गुलाम म्हणून, कोण शिपाई म्हणून, आणि आता कितीतरी पिढ्या हल्याळच्या पुढं जंगलात. रंग काळा, केस कुरळे, तोंडात मराठी. इथं सुपरमार्केटात सुदानी लोक आक्काशी अरबीत बोलायचे, ती सरळ म्हणायची, "काय म्हणतोस रे बाबा, मी हल्याळची." इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला एक बाई म्हणाली, "अय्या, तुम्ही किती छान मराठी बोलता!" आक्का म्हणाली, "तुम्हीपण बरं बोलता की." मी मेले तिथंच लाजेनं. मला भीतीच फार. रियाला मी शिकवून ठेवलेलं, कुणी विचारलं तर नुसतं इंडियन म्हणायचं, खलास. आक्का त्यावरून माझ्याशी चार दिवस बोलली नव्हती.

ती आमच्याकडंच राहायची, तिचा धंदा कवद्यांचा. कवदी म्हणजे आमच्या बायकांची गोधडी, जुन्या लुगड्या-झंपरांचे तुकडे कडेपासून शिवत शिवत मध्याकडं जायचं, चार कोपऱ्यांना कापडाची घडी घालून फुलं लावायची, फुलं नसली तर कवदी उघडी म्हणतात. आणि मधलं शेवटचं ठिगळ बंद करायच्या आधी आत चार दाणे तांदूळ, म्हणजे तिचं पोट भरलं. आक्का गावच्या बायकांकडून कवद्या मागवायची, इथं विकायची, प्रत्येकीवर शिवणारीचं नाव. गावच्या पोरींना जातीचे दाखले मिळेनात तर इथनं फोन करून तहसीलदाराचं डोकं खायची. आणि दर शुक्रवारी आमच्या हॉलमध्ये सातआठ बायका जमवून शिवायला शिकवायची. त्यातली कमला आमच्याच भागातली सिद्दी, लांब खलिफा सिटीत एका घरी कामाला, दर शुक्रवारी बस बदलत यायची.

आईची कवदी एकच राहिलेली. आमच्या घरात जन्मलेलं प्रत्येक पोर पहिला महिना तिच्यावरच झोपलं, आक्का, मी, माझी रिया. बाळाच्या वेळी मी मागितली तर आक्का म्हणाली, "दुरुस्तीला काढलीय गं, देते, इन्शाल्ला." परत मागितली. "देते म्हटलं ना." मला वाटलं बारशाला देणार असेल.

ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी बाळ रडायचं थांबेना म्हणून मी तिची बॅग उघडली. आत नुसती एक कड. हातभर कड, तिला आईच्या निळ्या लुगड्याचा तुकडा... बाकी सगळं कात्रीनं कापून नेलेलं. मला वाटलं विकली. देवाशप्पथ, मला तेच वाटलं, आणि आत्ताच मेलेल्या बहिणीला मी नाही नाही त्या शिव्या दिल्या.

शुक्रवारी बायका भेटायला आल्या आणि एकेकीनं पिशवीतनं रुमालाएवढा तुकडा काढला. आईचं झंपर. आईचं जांभळं लुगडं. फिलोमिना म्हणाली, नव्या कापडावर शिकवलेलं आम्हाला कळेना, आत थर कसे लावतात दिसेना, तर एका दुपारी लक्ष्मीनं, तुझ्या आक्कानं, कवदी मांडीवर घेतली, कापली, आणि म्हणाली, बघा आत काय आहे, आणि एकेक तुकडा घरी न्या. "कधी?" मी विचारलं. "आठ महिने झाले असतील..." आठ महिने! दर शुक्रवारी मी चहा घेऊन आले की ह्या गप्प व्हायच्या, मांडीखाली काहीतरी सारायच्या, आणि मी आपली समजायचे, मी आठवीपर्यंत तरी शिकलेली म्हणून माझ्यापुढं संकोचतात. सगळ्यांना माहीत होतं. आक्कानंच सांगितलेलं, सुशीला दाखवू नका, ती घाबरते.

मी कमलाच्या हातातनं तुकडा ओढून घेतला. "माझ्या आईचं आहे ते!"

"लक्ष्मीताई मला म्हणाली," कमला म्हणाली, "तुला आई नाही ना, तर हे ठेव."

मला आणखीच राग आला. माझी आई वाटायला आक्काला कुणी सांगितलं होतं? मला विचारलं असतंस आक्का, मी नाही म्हटलं असतं, रडले असते, पण विचारायचं होतंस.

कमलानं त्या एवढ्याशा तुकड्यालाही चार कोपऱ्यांना चार फुलं लावली होती. मी तो गादीवर टाकला आणि बाळाला त्याच्यावर ठेवलं. डोकंच तेवढं मावलं, पाय सगळे बाहेर. मी रडायला लागले तशी कमला वाकून बघत म्हणाली, "डोकं आलं ना, मग झालं." रियानं विचारलं, "Mumma, is she our family?" कमलाच म्हणाली, "येस."

बाळ उठल्यावर मी तुकडा घडी करून कमलाच्या पिशवीत परत ठेवला. मनापासून ठेवला असं नाही म्हणणार मी.

माफ मी अजून आक्काला केलेलं नाही. पण शुक्रवारी चार वाजता ती फ्लॅटचं दार सताड उघडून त्याला चपलेचा टेकू लावायची, कुणी बेल वाजवायची नाही, सरळ आत यायचं. मी ओरडायचे, अगं कोणीही शिरेल, पोरं आहेत घरात. आता तीच चप्पल मी लावते. बाळाला छातीशी धरून आतल्या खोलीतनं दाराकडं बघत बसते, आणि लिफ्ट वाजली की रागानंच म्हणते, आक्का, बघ, आल्या तुझ्या...