काकांच्या दोरीवर दुसरा टेप

वडील गेले तेव्हा मी एका दैनिकात उपसंपादक होते. त्यांच्या बांधकामाच्या फर्ममध्ये मी यावं असं कोणी ठरवलं नव्हतं. भाऊ परदेशात होता. मुलुंडमधल्या एका सोसायटीची जुनी इमारत नुकतीच पाडली होती आणि तिथली अठ्ठावीस कुटुंबं कांजूरमार्गपासून ठाण्यापर्यंत भाड्याच्या घरांत पांगली होती. करारांवर सही करायला आमच्या घरातलं कोणीतरी हवं होतं. मी महिन्याभराची रजा काढली आणि परत गेले नाही.

फर्म वडिलांनी आणि काकांनी उभी केली होती. आजोबांची गिरणी बंद पडल्यावर हे दोघे भाऊ घाटकोपरला गळक्या गच्च्या दुरुस्त करत, भिंतींना गिलावा करत. मग चार मजल्यांच्या इमारती आल्या, मग पुनर्विकास. कामाची वाटणी मात्र शेवटपर्यंत तीच राहिली. महापालिका, सोसायट्या आणि कागद वडिलांकडे. जमीन आणि तिच्यावर जे उभं राहील ते काकांकडे. मला वडिलांची खुर्ची मिळाली. साइटवर माझा शब्द शेवटचा होता, असं कागदावर होतं.

इमारतीचे कॉलम कुठे येणार हे सुरुवातीला जमिनीवर आखतात. नकाशातलं अंतर टेपने मोजायचं, खुंटी ठोकायची, दोरी ताणायची आणि दोरीखाली चुन्याची रेघ मारायची. याला लाइन देणं म्हणतात. फर्मच्या प्रत्येक इमारतीची लाइन काकांनी दिली होती, आणि काकांच्या दोरीवर दुसऱ्या कोणी टेप लावायचा नाही, असा नियम होता. तो वडिलांनी केला होता. खूप वर्षांपूर्वी मरोळच्या एका कामावर त्यांनी काकांच्या पाठीमागे एका इंजिनिअरकडून लाइन पुन्हा मोजून घेतली. ती बरोबर निघाली. काका चार महिने वडिलांशी बोलले नाहीत. एकाच खोलीत जेवायला बसत आणि मिठाचा निरोपसुद्धा आईमार्फत जाई. त्यानंतर कोणी मोजलं नाही.

वर्तमानपत्रात एकाने लिहिलेली ओळ दुसऱ्याने वाचल्याशिवाय पान सोडत नसत. संपादकांचा अग्रलेखही कोणीतरी वाचत असे आणि त्यात चुका सापडत. मुलुंडची लाइन काका देत होते तेव्हा मी बाजूला उभी होते. मी काही विचारलं नाही.

चूक सुताराला सापडली. पहिल्या स्लॅबची तयारी चालली होती. दोन कॉलमच्या मध्ये आडवा बीम येतो आणि तो ओतण्याआधी त्याच्या तळाला फळी लावतात. नकाशाच्या मापाने कापलेल्या फळ्या पूर्वेकडे पाचही ठिकाणी चार इंच तोकड्या पडल्या. इंजिनिअरने सुताराला झापलं. सुताराने पाचही फळ्या त्याच्यासमोर मोजून दाखवल्या आणि सांगितलं की फळी बरोबर आहे, जागा मोठी झाली आहे.

इंजिनिअर लातूरकडचा, फर्ममध्ये सहा वर्षं झालेला. त्याने कंपाउंडच्या भिंतीपासून मोजलं आणि मला फोन केला. पूर्वेची पाच कॉलमची रांग दहा सेंटिमीटर भिंतीकडे गेली होती. त्या बाजूने अग्निशमनाची गाडी फिरणार होती. तिच्यासाठी सोडायची जागा नियमाने ठरलेली असते, तिच्यात चार इंचांची सूट नसते.

दहा सेंटिमीटर हा आकडा ऐकल्यावर कारण शोधावं लागलं नाही. टेपचं टोक झिजतं, त्याची आकडी वाकते, म्हणून जुने लोक शून्यापासून मोजत नाहीत. दहाचा आकडा भिंतीला लावतात आणि हव्या त्या मापात दहा मिळवतात. टेप नवा असला तरी काका दहा सोडूनच मोजत. पूर्वेच्या भिंतीवरून मोजताना ते दहा मिळवायला विसरले होते. बाकीच्या रांगा त्यांनी पश्चिमेच्या भिंतीवरून घेतल्या होत्या. तिकडे विसरले नसणार, असं आम्ही धरून चाललो.

इमारतीचा सांगाडा ठरवणाऱ्या कन्सल्टंटने पाचही कॉलम पायापर्यंत तोडून जागेवर घ्यायला सांगितले. दीड महिना जाणार होता, पण होण्यासारखं काम होतं. प्रश्न काकांचा होता. ते एकाहत्तर वर्षांचे होते. हिशेब त्यांनी कधी पाहिले नव्हते, सभांना ते येत पण बोलत नसत. दोरी गेली तर साइटवर यायला त्यांच्याकडे दुसरं काम उरत नव्हतं. आणि गवंड्यांपासून वॉचमनपर्यंत सगळी माणसं त्यांची होती, माझी नव्हती.

त्या आठवड्यात काका बोरिवलीला मुलीकडे होते. इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, नकाशा बदलला असं सांगू. कन्सल्टंटने रांग आत घेतली म्हणू. त्यांनाही वाईट वाटायचं नाही." मी हो म्हणाले.

काका परतले तेव्हा दोन कॉलम तोडून झाले होते आणि तिसऱ्यावर काँक्रीट फोडायचा ब्रेकर लागणार होता. ठरलं होतं ते मी सांगितलं. त्यांनी नकाशा मागितला, सिमेंटच्या गोण्यांवर पसरला आणि चष्मा लावून फक्त उजवा खालचा कोपरा बघितला.

"बदललेल्या नकाशार नंबर पडता गो," ते घरच्या मालवणीत म्हणाले. "आर-एक, आर-दोन. ह्याच्यार खंय आसा?"

मी त्या कोपऱ्यात बघितलं. तिथे नंबर नव्हता.

"पेपरात होतंस ना तू?"

मग त्यांनी टेप घेतला, दहाचा आकडा इंजिनिअरला भिंतीला धरायला लावला आणि उभे असलेले तिन्ही कॉलम मोजले. प्रत्येक वेळी आलेलं माप मोठ्याने म्हटलं. ब्रेकर सुरू करा किंवा थांबवा असं कोणी सांगितलं नाही, पण तो सुरू झाला नाही. मोजून झाल्यावर त्यांनी विचारलं, कोणाकोणाला माहीत आहे. मी म्हटलं, साइटवर सगळ्यांना.

"म्हणजे माका सोडून."

ते ऑफिसच्या पत्र्याच्या खोलीत जाऊन बसले. चहा आला तो तसाच राहिला. मेंबरांना काय सांगणार, असं त्यांनी विचारलं. रविवारी सोसायटीची सभा होती आणि तिच्यासाठी मी एक परिच्छेद लिहून ठेवला होता. रचनेत काही तांत्रिक सुधारणा आवश्यक ठरल्याने, असा तो सुरू होत होता. मी वाचून दाखवला. चांगलं लिहिलंयस, म्हणाले आणि घरी गेले. शनिवारी ते साइटवर आले नाहीत. फोन काकूने घेतला आणि ते झोपलेत असं सांगितलं. सकाळचे अकरा वाजले होते.

सभा जवळच्या शाळेच्या एका वर्गात होती. मुलांच्या बाकांवर मोठी माणसं अंग चोरून बसली होती. मी कागद घेऊन उठले तेवढ्यात मागच्या भिंतीशी काका उभे राहिलेले दिसले. ते कधी आले ते मला कळलं नव्हतं.

"कॉलम मी चुकवले," ते म्हणाले. "पाच कॉलम, चार इंच. नकाशा बरोबर होता. ही काय वाचणार आहे ते ऐकू नका."

कोणीतरी मागून म्हणालं, "काका, ते चार इंच आमच्या किचनला द्या ना." थोडं हसू झालं. दुसऱ्या बाकावर पोस्टातून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या, जुन्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या. त्या हसल्या नाहीत.

"बाकीचे मोजलेत का?"

मी इंजिनिअरकडे बघितलं. मोजले नव्हते. चूक सापडून पंधरा दिवस झाले होते, कॉलम फुटत होते, आणि काकांच्या दोरीवर टेप लावायचा नाही हा नियम मोडायचं आमच्यापैकी कोणाला सुचलं नव्हतं.

"नाही मोजले," काका म्हणाले.

"मग मोजा. आम्ही येतो."

"या. टेप आपापला आणा."

सोमवारी सकाळी नऊ जण आले. चार टेप होते. बाईंनी वही आणली होती. काकांनी सवयीने दहा भिंतीला लावायला सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "शून्य छापलंय ना त्याच्यावर? मग शून्यापासून." काकांनी टेप मागे घेतला आणि शून्य लावलं. एकोणीस कॉलम मोजायला दुपार झाली. बाई आकडा वहीत लिहीत, मग नकाशातला आकडा इंजिनिअरला वाचायला लावत. एका कॉलमात अर्ध्या सेंटिमीटरचा फरक निघाला. तेवढा चालतो, असं इंजिनिअर म्हणाला. बाईंनी ते वाक्य लिहून घेऊन त्याखाली त्याची सही घेतली.

"चला, तुमचं बरोबर आहे," त्या काकांना म्हणाल्या.

"अठरा बरोबर," काका म्हणाले.

पुढचं काम घाटकोपरला निघालं. त्याची लाइन इंजिनिअर मोजणीच्या यंत्राने देईल, असं मी ठरवलं आणि आदल्या दिवशी काकांना फोन करून सांगितलं. कोण तपासणार, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुम्ही. पलीकडे टीव्ही चालू होता, तो कोणीतरी बंद केला. मग गाडी किती वाजता येईल ते विचारून त्यांनी फोन ठेवला.

लाइन तपासायला त्यांनी दोन तास लावले. एका खुंटीशी थांबले, पुन्हा मोजलं आणि ती थोडी डावीकडे घे, असं इंजिनिअरला म्हणाले. इंजिनिअरने यंत्रात बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. त्याने खुंटी हलवली नाही. काकांनी गुडघ्यावर बसून तिसऱ्यांदा मोजलं.

"ऱ्हवांदे," ते म्हणाले. "तुझी बरोबर आसा."