तीन अँपिअरचा फ्यूज

२ सप्टेंबर १९७८ रोजी सिरिल ॲशवर्थने साडेचौदा पौंड मोजून घरातल्या रेकॉर्ड प्लेअरला जोडायला एक जुना, जडशीळ अँप्लिफायर घरी आणला. सूतगिरणीतून निवृत्त झालेल्या माणसाला ही चैनच होती. पण अर्धांगवायूच्या झटक्यानंतर त्याची बायको एलसी घास गिळत नव्हती. चर्चच्या गायनवृंदाची तबकडी लागली, की मात्र ती आपोआप तोंड उघडायची. एके काळी ती त्याच वृंदात गायची.

सिरिलने प्लग स्वतः जोडला आणि प्लगाच्या आत बसतो तो छोटा फ्यूजही घातला. लहान यंत्राला तीन अँपिअरचा फ्यूज, एवढा नियम त्याला पाठ होता. पण बटण दाबलं, की कधीकधी फ्यूज उडायचा. मग तो कोपऱ्यावरच्या टॅटरसॉलच्या विजेच्या सामानाच्या दुकानात जायचा.

"तीनचा दे."

"परत? लेका, फ्यूज खातोस की काय? ते यंत्र एकदा घेऊन ये, बघतो."

"आणलं तर त्या दिवशी ती जेवेल कशी?"

टॅटरसॉल फ्यूज पुढे सरकवायचा.

ऑक्टोबरातल्या एका बुधवारी दुपारी फ्यूज पुन्हा उडाला. घरात दुसरा नव्हता आणि बुधवारी गावातली दुकानं एक वाजताच बंद होत. एलसीसमोर सूप निवत होतं. "जरा थांब हं, राणी," म्हणत सिरिलने सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद फाडला, उडालेल्या फ्यूजभोवती गुंडाळला आणि प्लगाचं झाकण परत बसवलं. गाणं सुरू झालं. एलसीने वाडगाभर सूप संपवलं. असं चालतं म्हटल्यावर त्याने तो कागद तसाच ठेवला.

शनिवारी गाणं मध्येच घरघरलं. करपट वास सुटला, अँप्लिफायरच्या जाळीतून धूर आला. सिरिलने प्लग उपटेपर्यंत हाताला चटका बसला.

टॅटरसॉलने झाकण उघडलं आणि नाक दाबलं. "ट्रान्सफॉर्मर गेला. आतला फ्यूज कुणीतरी आधीच तारेने जोडून ठेवलाय आणि प्लगात तू हा कागद घातलास. आत बिघाड झाल्यावर वीज तोडायला काही उरलंच नाही."

"मग तीनचा का उडायचा?"

"एवढं मोठं यंत्र सुरू होताना क्षणभर जास्त वीज ओढतं. पाचचा चालला असता, बाबा."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू दाखवलंस कुठे? मला वाटलं, रेडिओ असेल."

"दुरुस्त होईल?"

"हा ट्रान्सफॉर्मर आता बनत नाही. नवं यंत्र घे."

नव्याचे पैसे नव्हते. संध्याकाळी सिरिल पलंगाशी बसून तबकडीवरचं भजन स्वतःच म्हणू लागला. एलसीने ते ऐकलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. चमचा ओठांना लागून परत आला. रविवारीही तसंच. सोमवारी डॉक्टर म्हणाले, आता अन्नासाठी नळी घालावी लागेल, इस्पितळात. रुग्णवाहिकेत तिला चढवताना तिने सिरिलकडे पाहिलं नाही.

ती घरी परतली नाही.

टॅटरसॉलचे तपासणीचे चाळीस पेन्स अजून द्यायचे आहेत.