बेसबॉल सोडून सगळं शिकवणारे सर

आमच्या लेकीच्या बेसबॉलच्या सरांइतका बेसबॉलचा वैरी अख्ख्या सोलापुरात शोधून सापडायचा नाही. आठवड्यातून दोनदाच त्यांच्या पिशवीतून चेंडू बाहेर पडतो. बाकीचे दिवस खो-खो, लंगडी, पोहणं, आणि लहर फिरली की कुस्तीसुद्धा! बेसबॉल शिकायला म्हणून घातलेली माझी बारा वर्षांची पोर संध्याकाळी अंगभर माती माखून घरी येते, आणि बॅटला बोटसुद्धा लागलेलं नसतं. विचारलं की सर म्हणणार, "हुईल की साहेब. घाई कशाला?" मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या रानात वाढल्यामुळे त्यांना वाट बघायची सवय असेल, मला नाही.

मोठ्या हौसेनं मी तिला पुण्याहून चामड्याचा ग्लोव्ह मागवून दिला. दुसऱ्या दिवशी मैदानावर जाऊन बघतो तर सरांनी त्यात भाजलेल्या शेंगा भरलेल्या, आणि पोरी आळीपाळीने हात घालून खातायत. असं केलं की चामडं मऊ पडतं, हे वर मलाच समजावलं. एकदा पालकसभा म्हणून बोलावलं आणि आम्हा सगळ्यांना लंगडी घालायला लावली. माझा गुडघा चार दिवस सुजला होता. बायको हसत होती ते वेगळंच.

हे सगळं मी गिळलं, कारण जिल्ह्याच्या संघाची निवड जवळ आली होती आणि लेकीला महिनाभर दुसरं काही सुचत नव्हतं. निवडीच्या सामन्यात ती दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे अडकली. समोरून एक मुलगी चेंडू घेऊन तिला शिवायला धावली. आमच्या बयेनं खो-खोतली झकास हुलकावणी दिली, लांबून वळसा घातला आणि तिसऱ्या बेसवर जाऊन ऐटीत उभी राहिली. बेसबॉलमध्ये असं वाट सोडून पळालं की बाद. पंचांनी बाद दिलं, आणि यादीत तिचं नाव आलं नाही. घरी आल्या आल्या पोरीनं ग्लोव्ह पलंगाखाली ढकलून दिला.

मी तडक सरांचं घर गाठलं. उद्यापासून मुलगी येणार नाही, हे ठणकावून सांगायचंच होतं. ते अंगणात कपडे वाळत घालत होते, एकट्या डाव्या हाताने. उजवा खांद्याच्या वर जातच नव्हता. मी बघतोय हे त्यांच्या ध्यानात आलं. शाळेत असताना ते म्हणे पिचर होते. बारा महिने चेंडू फेकायचा, दुसरा खेळ नाही. चौदाव्या वर्षीच खांदा गेला.

"चूक माझीच हाय साहेब, तिला नियम नीट सांगाय पायजे हुता," ते म्हणाले. "पर निवड पुढल्या साली बी हुईल. ह्यो खांदा काय परत आला न्हाय."

ठणकावायचं राहूनच गेलं. बादलीतला उरलेला शर्ट पिळून मी दोरीवर टाकला आणि घरी आलो. माणूस अजूनही माझं डोकं उठवतो. पण लेक फडताळावरचा डबा काढायला दोन्ही हात सहज उंच करते, तेव्हा हातातलं काम सोडून मी उगाच बघत राहतो.