‘बाहेरगावी’चा रकाना

माझं अक्षर चांगलं आहे आणि त्याचा मला माज आहे. पोलादपूरच्या वर, घाटाच्या अंगाला ज्या वाड्या आहेत, तिथे मी दोन वर्षं फ्लूच्या संशोधनासाठी फॉर्म भरत हिंडले. महाडच्या ऑफिसात सगळ्यांत स्वच्छ कागद माझे असत. खाडाखोड नाही, चहाचा डाग नाही. सहकारी चिडवायचे की ही बाई पावसात स्वतः भिजते, पण फॉर्मला छत्री धरते. ते खरंच होतं.

काम सांगायला सोपं होतं. साठीच्या पुढच्या माणसांना फ्लूची लस दिली, तर निमोनिया आणि दवाखान्यात भरती होण्याची वेळ कमी येते का, ते बघायचं. चिठ्ठ्या टाकून निम्म्या वाड्यांना लस आधी दिली होती, उरलेल्यांना नंतर द्यायची होती. मी दर आठवड्याला घरोघर जाऊन प्रत्येक म्हाताऱ्या माणसापुढे तीनपैकी एका रकान्यात टिक करायची: घरी आणि बरे, घरी आणि आजारी, बाहेरगावी. आजारी असेल तर नाकात काडी घालून नमुना घ्यायचा. बाहेरगावी असेल तर खाली कारण लिहायचं.

त्या कारणाच्या ओळीत मी नेहमी एकच लिहीत असे. ‘मुलाकडे, मुंबई.’

आमच्याकडे एवढं कारण पुरतं. माझी सासूसुद्धा आमच्या तुडील गावाहून मुंबईला दिराकडे जाऊन-येऊन असते. नातवंड झालं, मोतीबिंदू काढायचा ठरला, नुसता कंटाळा आला, तरी माणूस मुंबईला जातं. त्याला ‘का’ म्हणून कोण विचारतं? पुण्याहून आलेल्या एखाद्या मुलीने विचारलं असतं. मी इथली, मला सगळं ठाऊक, म्हणून मी विचारलं नाही.

एका वाडीत अगदी वरच्या घरात एक काकी राहायची. सत्तरीच्या पुढची, सोबत सून; मुलगा मुंबईत कामाला. तिची वाडी नंतर लस मिळणाऱ्यांतली. याचा तिला भारी राग होता.

“खालच्या वाडीला सुई दिलीत नि आमाला नाय. आमी काय तुमचं घोडं मारलंय?”

मी चिठ्ठ्यांची गोष्ट परत सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

“मंग माझी चिट्टी परत टाक,” ती म्हणाली. “आनि जेवलीस काय गो? येवढी चढून येतेस नि पयला खोकला इचारतेस.”

नाचणीची भाकरी खाल्ल्याशिवाय तिने मला कधी सोडलं नाही. मला ती आवडायची. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणाला तसं वाटणार नाही.

भाताच्या लावण्या आटपल्यावर एका मंगळवारी मी गेले, तर सून एकटीच होती. म्हणाली, “म्हातारीला मुंबईला नेली. पोरगा आला व्हता गाडी घेऊन.” मी टिक केली, कारण लिहिलं आणि निघाले. मुलगा कामावर सुटी टाकून, भाड्याची गाडी करून, भर पावसात घाट चढून आला कशासाठी, हे माझ्या डोक्यात आलं नाही. पुढच्या आठवड्यात घराला कुलूप होतं. ते घर वाडीपासून थोडं तुटून, चढावर आहे. खालच्या वळणावरूनच कुलूप दिसायचं. मग मी वर चढणंही सोडलं. वळणावर उभी राहून टिक करायची; वाडीतही कुणाला काही विचारलं नाही. गणपतीतसुद्धा ते दार उघडलं नाही. कोकणात गणपतीला घर बंद राहतं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको होतं. पण मीही स्वतःच्या घरच्या गणपतीच्या घाईत होते.

गणपतीनंतर महाडला बैठक झाली. आमच्या प्रमुख डॉक्टर मॅडमनी सांगितलं की डोंगरातल्या वाड्यांत गंभीर आजार जवळजवळ दिसतच नाही, ना लस दिलेल्या वाड्यांत, ना न दिलेल्या. “वरून विचारणा झालीय,” त्या म्हणाल्या, “की उरलेल्या वाड्यांची लस दुसऱ्या तालुक्याला द्यावी का. इथे गरज दिसत नाही.” मग माझे फॉर्म हातात घेऊन म्हणाल्या, “आकड्यांबद्दल शंका घ्यायला जागा नाही. हे बघा किती नीट आहेत.”

सगळे माझ्याकडे बघत होते. त्याच क्षणी मला ती सगळी कारणं ओळीने दिसायला लागली. मुलाकडे, मुंबई. मुलाकडे, मुंबई. आमच्याकडे साधा खोकला असला की माणूस घरी पडून राहतं, काढा घेतं. दम लागला, जेवण सुटलं, की फोन जातो आणि मुलगा गाडी घेऊन येतो. म्हणजे जे खरे आजारी, नेमके तेच माझ्या हातून ‘बाहेरगावी’च्या रकान्यात जात होते. घरी उरत होते ते धडधाकट. डोंगर निरोगी दिसत होता, कारण डोंगराने आजारी माणसं पाठवून दिली होती आणि मी कुठे, कशाला, म्हणून विचारलं नव्हतं.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. बोलले नाही. नीट फॉर्म भरणारी म्हणून नुकतीच शाबासकी घेतली होती. ती परत करायची माझी तयारी नव्हती.

घरी येऊन स्वतःची समजूत घातली की एखादा फोन करून बघू. माझं म्हणणं खोटं ठरलं तर गप्प बसायला मी मोकळी. काकीच्या मुलाचा नंबर फॉर्मवर होता. काकी फोनवर येईल, मला जेवलीस का विचारेल, अशी माझी अगदी खात्री होती. मी त्याला मी कोण ते सांगितलं आणि आई कशी आहे विचारलं.

“आईला जाऊन दीड महिना झाला, ताई,” तो म्हणाला. “आणल्यावर आठ दिवसांत गेली. ॲडमिट केली व्हती, ऑक्सिजन लावला. निमोनिया बोलले.”

मला सुचलं ते हेच, की नाकात काडी घालून काही तपासलं होतं का.

“ते नाय माहीत. बारावं-तेरावं इकडंच केलं. पाऊस किती व्हता. वाडीत कळवलं व्हतं सगळ्यांना.” मग म्हणाला, “तुमाला पण कळलं असेल असं वाटलं. तुमी दर आठवड्याला जाता ना.”

फोन ठेवला आणि फॉर्म काढले. तिच्या नावापुढे सात आठवड्यांच्या सात खुणा होत्या. पहिल्या खुणेच्या वेळी ती जिवंत होती. उरलेल्या सहा मी मेलेल्या बाईपुढे केल्या होत्या, सरळ, सुबक, खाली सही.

दुसऱ्या दिवशी ते कागद मॅडमच्या टेबलावर ठेवले आणि सगळं सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी एकेक कागद उलटून बघितला. मग म्हणाल्या, “‘मुंबई’ लिहिलेला प्रत्येक फॉर्म बाहेर काढा.” आम्ही सगळे कित्येक दिवस फोन करत बसलो. कुणी भरती होऊन परत आलं होतं, कुणी अजून तिकडेच होतं, कुणी काकीसारखं. वर कळवलं गेलं. लस दुसरीकडे गेली नाही.

भातकापणीच्या सुमारास आम्ही काकीच्या वाडीत लस द्यायला बसलो. म्हातारी माणसं रांगेत होती. सून कापणीसाठी परत आली होती. साठीची नव्हती, तरी बाजूला उभी राहून बघत होती. रांग संपली तशी ती माझ्याजवळ आली. माझ्यावर चिडायला आली असती तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती विचारायला आली होती.

“बाई, ही सुई आदी भेटली असती तर म्हातारी वाचली असती काय?”

मी म्हणाले, “माहीत नाही.” ती तशीच उभी राहिली, अजून काहीतरी सांगेन म्हणून. मग मी तिला खरं तेच सांगितलं, की हेच कळावं म्हणून तर मी दर आठवड्याला तुमच्या दारात येत होते.