कपडेपटातली म्हातारी

हौशी नाटकवाल्यांची एक गंमत असते. चाळीस वर्षं नाटकं करा, त्यातलं एकही धड आठवत नाही. बक्षीस कोणत्या वर्षी मिळालं, यावर आमच्यात अजून भांडणं होतात. पण कोण विंगेत झोपलं, कोणाची मिशी कोणाच्या चहात सापडली, हे मात्र सगळ्यांना तोंडपाठ! ग्रुपवर एकानं नुसतं ‘अरे, तो किस्सा’ एवढंच टाकावं, की संध्याकाळपर्यंत फोनला उसंत नाही.

मी आमच्या संस्थेचा कपडेपट आणि रंगभूषा सांभाळतो. म्हणजे तरुणाला म्हातारा आणि म्हाताऱ्याला तरुण करायचं खातं माझ्याकडे! सगळे मला बापू म्हणतात. विसाव्या वर्षापासून म्हणतात, तेव्हा त्यात वयाचा काही संबंध नाही. आज सांगतोय ते सगळे किस्से याच खात्यातले.

*

मी नवीन होतो तेव्हा म्हातारा तयार करणं फार सोपं होतं. धोतर, कोट, टोपी, हातात काठी, केसांत अर्धा डबा पावडर. वाक्याच्या आधी खोकला, वाक्याच्या नंतर खोकला. झाला म्हातारा!

माझ्या पहिल्याच नाटकात लेखकानं लिहिलं होतं, ‘आबासाहेब. जख्ख म्हातारे. वय पन्नास.’ त्यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. ते काम माझ्याकडं आलं. विशीतला मी, पण असा खोकलो की पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी पर्समधून खडीसाखर काढली.

प्रयोगाला माझे वडील गावाहून आले होते. शेतकरी माणूस, पांढरंशुभ्र धोतर, डोक्याला पटका. प्रयोगानंतर एकदम गप्प. मला वाटलं, पोराचं काम बघून गहिवरले. रिक्षात बसल्यावर त्यांनी विचारलं, “त्यो म्हातारा किती वर्साचा दाखवला रं?”

“पन्नासचा, दादा.”

“हं.”

दादा तेव्हा अठ्ठेचाळीसचे होते!

दुसऱ्या दिवशी गावी जायच्या आधी ते गुलमंडीच्या बाजारात गेले आणि दोन पँटचं कापड घेऊन आले. पुढं शेवटपर्यंत माझा बाप पँट-शर्टातच शेतात गेला. आई सगळ्यांना सांगायची, “नाटकानं पोराचं काय भलं झालं ते ठाव नाय, पण माझं धोतर धुवायचं तेवढं सुटलं!”

*

त्याच वर्षी शैलाताई आमच्यात आल्या. वैजापूरकडच्या मोठ्या शेतीवाल्या घरातली सून, नवऱ्याच्या नोकरीमुळं शहरात आलेली, वय चोवीस. आवाज असा की शेवटच्या रांगेतला पेंगणारा माणूस उठून बसावा. दिसायलाही देखण्या. आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात त्यांना नायिका करून टाकलं.

पण घरून परवानगी आली ती अटीसकट. सासरे म्हणाले होते, “नाटक कर, आमचं काय नाय. पण हिरवीन नाय व्हायचं. म्हातारीचं काम कर. म्हातारीकडं कोण बघतंय?”

ताई आम्हाला हे सांगून हसल्या, पण डोळे भरले होते. मग म्हणाल्या, “म्हातारी तर म्हातारी. पण आशी करीन, की सगळे तिच्याकडंच बघतील!”

आणि केली हो! भाजीबाजारात तासन् तास उभं राहून त्यांनी म्हाताऱ्या बघितल्या. कोण कशी उठते, कोण पिशवी कशी धरते, कोण कोणत्या गुडघ्यावर हात ठेवते. मी डोक्यावर पांढरा विग बसवायचो, नऊवारी आणून द्यायचो, बाकी सगळं त्यांचं. आमच्या नाटकात नायिका बदलत गेल्या, नायक बदलत गेले. म्हातारी कायम शैलाताई. मला आजही त्या बाईचा अभिमान वाटतो, आणि तो मी कोणालाही थांबवून सांगतो.

एकदा सिल्लोडला दुपारचा प्रयोग होता. प्रयोग संपला आणि कळलं की नळाला पाणी नाही. तोंड धुणार कसं? ताई तशाच विग, सुरकुत्या, नऊवारीसकट परतीच्या बसमध्ये चढल्या. बस खचाखच. साठीची एक बाई ताडकन उठली आणि म्हणाली, “बसा आत्याबाई, बसा. ह्या वयात कशाला फिरता?”

ताई बसल्या! वर त्या बाईनं वाकून पाय धरले, तर डोक्यावर हात ठेवून आशीर्वादही दिला, “नातवंडं-पतवंडं बघ, बाय!”

मी मागं उभा होतो. उतरल्यावर म्हटलं, “ताई, काही लाज?”

“लाज कशाची? बक्षीस हाय ते. सीट देऊन कोण बक्षीस देतंय का आजकाल?”

*

आता याच्या उलटी केस. आमचे दिगंबरराव कुलकर्णी. आज एकोणऐंशीचे आहेत आणि अजून जीन्स घालतात. ‘काका’ म्हणणाऱ्याला ते ओ देत नाहीत. आमच्या नाटकाचे कायमचे हिरो! कॉलेजकुमाराची भूमिका त्यांनी शेचाळिसाव्या वर्षापर्यंत सोडली नाही. शेवटच्या वेळी ते कॉलेजकुमार झाले, तेव्हा त्यांचा बाप कोण होतं माहीत आहे? मी! वय एकतीस.

प्रसंग असा होता. मुलगा शहरातून शिकून घरी येतो आणि बापाच्या पाया पडतो. दिगंबरराव ऐटीत आले, गॉगल काढला, वाकले. आणि वाकलेलेच राहिले! कमरेत चमक भरली होती.

प्रेक्षकांना वाटलं, काय हा पितृभक्त मुलगा! टाळ्या सुरू झाल्या. खालून दिगंबरराव दातओठ खात पुटपुटत होते, “बापू, उचल. उचल म्हणतो ना!”

मी काठी टाकली, दोन्ही हातांनी त्यांना धरून उभं केलं आणि तोंडाला आलं ते बोललो, “बाळा, शहराचं पाणी काही तुला मानवलं नाही रे!”

त्या वर्षी विनोदी वाक्यासाठी मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. नाटक करुण होतं!

*

आमचे विग सलीमभाईंकडे असतात. शहागंजकडं त्यांचं छोटं सलून आहे. विग धुणं, विंचरणं, बसवणं त्यांच्याच हातचं. परवा विग आणायला गेलो तर सलीमभाई एकटेच हसत बसलेले.

“काय झालं?”

“क्या बोलूं बापूभाई. सुबू एक दादा आए, साथ में पोता. बाजूबाजू की कुर्सी पे बैठे. दादा बोले, काले करो. पोता बोला, सिल्वर करो.”

“मग?”

“मग क्या! दोनों कू एक दूसरे के बाल होना. मैं फोकट में बीच में खड़ा था!”

*

आमच्या सध्याच्या दिग्दर्शिका मुग्धाताई. वय सत्तावीस. पोरगी हुशार, कामाला पक्की. पण तिचा पोशाख बघून माझ्यासारख्या कपडेपटवाल्याचा गोंधळ उडतो. इरकली साडी, कोपरापर्यंत पोलकं, ठसठशीत कुंकू, गळ्यात चांदीची जुनी बोरमाळ. माझ्या आईच्या आईचा फोटो आहे घरात, अगदी तस्सा. मुग्धा म्हणते, “बापूकाका, हे व्हिंटेज आहे.” असेल बाबा. आमच्याकडं ते पेटीत होतं, तेव्हा त्याला जुनंपानं म्हणायचे.

आणि शैलाताई? जिल्हा परिषदेतल्या नोकरीतून निवृत्त झाल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात केस मानेपर्यंत कापून आल्या. साठीनंतर पोहायला शिकल्या. रोज पहाटे गारखेड्यात ट्रॅक पँट आणि बूट घालून फिरतात, आणि फिरतात म्हणजे मागच्याला धाप लागते. केसांना तपकिरी-लाल रंग. त्यांची सून सांगते, “माझ्या कुर्त्या माझ्या कपाटात कमी आणि आत्यांच्या कपाटात जास्त!”

तर या दोघी नव्या नाटकासाठी नऊवारी घ्यायला गुलमंडीवरच्या एका दुकानात गेल्या. आजीचं काम अर्थात शैलाताईंचं. दुकानदारानं एक डुलकी काढली होती बहुतेक. त्यानं फिकट चॉकलेटी नऊवारी काढली आणि मुग्धाच्या खांद्यावर टाकून बघितली. “ही घ्या मावशी, तुम्हाला शोभेल.” मग शैलाताईंकडं वळून म्हणाला, “कुर्त्या वरच्या मजल्यावर आहेत, मॅडम.”

मुग्धा दोन दिवस कोणाशी नीट बोलली नाही. शैलाताईंना विचारलं, तर म्हणाल्या, “त्याचं काय चुकलं? म्या जिना चढून वर गेले, कुर्ती घेतली, खाली आले, तवर ही लिफ्टचं बटन दाबत व्हती!”

*

आता मुद्द्याचं. ते नाटक स्पर्धेचं होतं. गेली कित्येक वर्षं आमची संस्था पहिल्या फेरीच्या पुढं गेलेली नाही. शहरात लोक तोंडावर विचारायला लागले होते, “अजून चालू आहे का तुमचं?” यंदा जमलं नाही तर बंद करू, असं दिगंबररावांनीच बैठकीत सांगितलं होतं. म्हणून मुग्धाला कुठंही धोका नको होता.

रंगीत तालमीच्या दिवशी मी पांढरा विग काढला आणि ताईंसमोर धरला. ताईंनी हात मागं घेतला.

“मुग्धा, ह्या म्हातारीचं वय काय लिवलंय?”

“अडुसष्ट.”

“माझं काय हाय?”

मुग्धा संहितेची पानं चाळायला लागली.

“अडुसष्टच हाय ना? मग इग कशाला?”

मुग्धा हळूच म्हणाली, “ताई, प्रेक्षकांना आजी दिसली पाहिजे. परीक्षक बाहेरचे आहेत. त्यांना पहिल्या मिनिटाला कळलं पाहिजे. आणि तुमचे केस तर रंगवलेले आहेत.”

“रंगवलेत. सलीमकडं बसून रंगवलेत, रंग बी म्याच निवडला. म्हंजे माझेच झाले.”

दिगंबररावही मध्ये पडले. “शैला, एवढ्या वर्षांत कधी नाही म्हणाली नाहीस. आज शेवटच्या वेळी कशाला हट्ट?”

ताई खुर्चीवर बसल्या. आवाज अजिबात चढवला नाही.

“चोवीसची व्हते तवा साठीची केली. तिशीत सत्तरची केली. चाळिशीत एक नव्वदची केली, मेली बी तिसऱ्या अंकात. माझ्या वयाची बाई म्या स्टेजवर एकदा बी केली नाय. सासऱ्यानं करू दिली नाय, नंतर तुमीबी कधी इचारलं नाय. आता नाटकातली आन मी एका वयाच्या झालो. आता तरी मला माझी करू द्या. नाय तर दुसरी बघा.”

मी चाळीस वर्षं त्या बाईच्या डोक्यावर विग बसवत आलो. कधी माझ्या डोक्यात हे आलं नाही. मी विग पिशवीत घातला आणि पिशवीची चेन लावली.

मुग्धानं माझ्याकडं बघितलं, मग ताईंकडं. “ठीक आहे ताई,” ती म्हणाली. “तुमचीच करा.”

प्रयोगाला ताई त्यांच्याच कुर्तीत, त्यांच्याच बुटांत स्टेजवर गेल्या. मुलांना न विचारता एकटीनं राहायचं ठरवणारी आजी. मी विंगेतून बघत होतो. ना वाक, ना काठी, ना खोकला. सरळ चालत आल्या आणि बोलल्या. शेवटच्या प्रवेशाला सभागृहात कोणाचा फोनसुद्धा वाजला नाही. पडदा पडला आणि लोक उभे राहिले. सिल्लोड, वैजापूरपासून आलेली आमची जुनी माणसं उभी होती. दिगंबरराव गॉगल काढून डोळे पुसत होते. मी तर सरळ रडलो, लपवतो कशाला?

मग परीक्षकांचं मनोगत. आम्ही सगळे स्टेजवर ओळीनं उभे. ज्येष्ठ परीक्षक माईकपाशी आले. दिग्दर्शनाचं कौतुक केलं, नेपथ्याचं केलं, प्रकाशयोजनेचं केलं. मुग्धाचा चेहरा फुलत चालला. मग त्यांनी चष्मा नीट केला.

“आजीचा अभिनय अप्रतिम. त्याबद्दल प्रश्नच नाही. फक्त एक मोठी त्रुटी सांगतो, राग मानू नका. भूमिकेला वय शोभत नाही. एवढ्या मोठ्या शहरात आजीच्या कामासाठी एखादी खरोखरची वयस्कर बाई मिळाली नाही का तुम्हाला?”

मुग्धानं तोंड उघडलं. ताईंनी तिचा हात दाबला आणि एक पाऊल पुढं आल्या.

“मिळालीवती की, सर. पण लई हट्टी निघाली. इग घालायला तयारच नाय!”

परीक्षकांनी नाराजीनं मान हलवली. “हौशी रंगभूमीचं हेच दुखणं आहे. पुढच्या वेळी तिचं ऐकून घेऊ नका.”

“व्हय, सर,” शैलाताई म्हणाल्या.